‘अशी ही बनवाबनवी’ पाहताना आपण नेमके कोणाला हसतो?

गोदाकाठची (परभणी)

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेचे डोहाळेजेवण झाले. घराच्या गच्चीवरच मंडप घातला होता, झोपाळ्याला शेवंतीच्या माळा बांधल्या होत्या, जाऊबाईंना हिरवी साडी नेसवून फुलांचे दागिने घातले होते. ओटी भरून झाली, झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडायला लावली, बर्फी निघाली, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच क्षणी कोणीतरी मोबाईल स्पीकरला जोडून ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणे लावले. आमच्याकडे आता या गाण्याशिवाय डोहाळेजेवण पार पडत नाही. आपल्याकडेही तसेच असावे.

माझ्या नणंदेची तेरा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने मला हळूच विचारले, “मामी, त्या सिनेमात पोटुशी बाई तर पुरुष असतो ना? मग खऱ्या डोहाळेजेवणात आपण हेच गाणं का लावतो?” मी हसून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, म्हणून येथे मांडत आहे.

ज्यांना चित्रपट आठवत नसेल (असा मराठी माणूस भेटणे कठीण आहे, हे मान्य) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1988 सालचा हा चित्रपट सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केला असून त्याचे लेखन वसंत सबनीस यांचे आहे. पुण्यात राहायला जागा मिळत नाही आणि लीलाबाई काळभोर या घरमालकीणबाई फक्त विवाहित जोडप्यांनाच जागा देणार असतात, म्हणून चार तरुणांपैकी दोघे बायका होतात. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशुराम हा धनंजय मानेची, म्हणजे अशोक सराफ यांची, पत्नी पार्वती होतो, आणि सचिन यांचा सुधीर हा शंतनूची पत्नी सुधा होतो. पुढची सगळी धमाल त्या एका अटीतून निर्माण होते.

मी हा चित्रपट किमान वीस वेळा पाहिला असेल. आमच्या घरी कोणाला दिलेले पैसे बुडाले की “सत्तर रुपये वारले” असेच म्हणण्याची पद्धत आहे. त्यामुळे हा चित्रपट वाईट आहे, असे सिद्ध करण्याचा माझा हेतू मुळीच नाही. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की, यातले हसू नेमके कोणावर उमटते. बाईच्या चालण्याबोलण्यावर, साडी न सांभाळता येणाऱ्या पुरुषावर, की बायको दाखवल्याशिवाय पुरुषाला घर न देणाऱ्या समाजावर? आणि ज्या चित्रपटात दोन प्रमुख ‘पत्नी’ पुरुषच आहेत, त्यात खऱ्या स्त्रियांच्या वाट्याला काय येते? आपापल्या अनुभवासह लिहावे, ही विनंती.

निवृत्त मास्तर (लोहा, जि. नांदेड)

आपल्या भाचीचा प्रश्न आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. मी हा चित्रपट नांदेडच्या एका चित्रपटगृहात पाहिला तेव्हा माझ्या शेजारी आमच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बेर्डे साडी नेसून पडद्यावर आले, तेव्हा सगळे प्रेक्षागृह खदखदून हसले आणि हे गृहस्थ मात्र अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “मावशी बरी वठवली.” माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या फडांपुढे रात्री जागवलेल्या माणसाचे ते मत होते. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची म्होरकी असलेली मावशी पुरुषच करतो, ती कृष्णाशी आणि पेंद्याशी तोंडाला तोंड देते आणि तिच्या बोलण्याला फडातल्या इतर कोणाहीपेक्षा जास्त टाळ्या मिळतात. त्या वृद्धांच्या लेखी पार्वती ही मावशीचीच धाकटी बहीण होती. यात नवल नाही. कारण ज्या वसंत सबनीसांनी दादा कोंडके यांनी गाजवलेले ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिले, त्याच सबनीसांच्या लेखणीतून ही पार्वती उतरलेली आहे.

तथापि पुरुषाने साडी नेसण्याचे आपल्याकडे किमान तीन निरनिराळे प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत, असे मला वाटते. बालगंधर्वांची स्त्री ही पाहून हसण्याची गोष्ट नव्हती. त्यांच्या साड्या आणि दागिने पाहून घरंदाज स्त्रिया स्वतःचे नेसणे बदलत असत. मावशीचा प्रकार दुसरा. तिथे प्रेक्षकाला पुरुष दिसतच राहतो आणि तो दिसावा हीच अपेक्षा असते. तिसरा प्रकार आपल्या मराठवाड्याच्या अगदी जवळचा आहे. पैठणच्या नाथांचे ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड लुगडे नेसलेला पुरुष सादर करतो. त्यात ती सून देवीला नवस बोलते की, सासरा गावी गेला आहे त्याला तिकडेच खपव, जाच करणाऱ्या सासूला लवकर निर्दाळ, आणि शेवटी एकटीच राहू दे मला. त्याचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतातच. पण अर्थ सांगण्याआधी समोर बसलेल्या बायका ज्या मोकळेपणाने हसतात, ते हसू अध्यात्माचे नसते, हे मी अनेक सप्त्यांमध्ये डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे साडीतला पुरुष बाईचे गाऱ्हाणे बोलतो. ‘बनवाबनवी’तली पार्वती बाईचे कोणतेही गाऱ्हाणे बोलत नाही, तिचे गाऱ्हाणे एकच, की हे सोंग कधी सुटते. माझ्या मते या चित्रपटाची मर्यादा इथे आहे, आणि आपण ज्याला निर्मळपणा म्हणतो तोही इथेच आहे, कारण बाईच्या दुःखाला त्याने हात घातला नाही तसा तिच्या देहाचा ओंगळ विनोदही फारसा केला नाही.

व्याकरणाचा जुना शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओळख करून देताना धनंजयच्या तोंडून “हा माझा बायको पार्वती” असे निसटते, तो विनोद मराठीत इतका बसतो याचे कारण आपल्या भाषेत लिंग प्रत्येक शब्दाला चिकटलेले आहे. सोंग घेतलेल्या पुरुषाला केस वाढवून भागत नाही, त्याला ‘आलो’चे ‘आले’ आणि ‘जातो’चे ‘जाते’ करावे लागते, आणि एकदा जीभ चुकली की कपाळावरचे कुंकूही वाचवत नाही. (कोल्हापूरकडच्या कित्येक बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, तिकडे हे सोंग थोडे स्वस्तात पडले असते!)

खोली नंबर सात (छत्रपती संभाजीनगर, मूळ उदगीर)

मास्तरांचे विवेचन आवडले. परंतु ‘निर्मळपणा’ या शब्दाशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण चित्रपटापेक्षा माझ्या भाड्याच्या खोल्यांमध्ये अधिक आहे.

बारावीनंतर दोन वर्षे मी लातूरला शिकवणीसाठी राहिले आणि त्यानंतर सात वर्षांपासून नोकरीनिमित्त येथे आहे. या काळात मी पाच घरे बदलली. ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी मला इतकी पाठ झाली आहे की रिक्षातून जातानाही ती आपोआप वाचली जाते. अविवाहित मुलांना घर मिळत नाही हे खरेच आहे. पण त्यांना ते एकदा मिळाले की पुढे कोणी विचारत नाही. मुलींच्या बाबतीत घर मिळणे ही फक्त सुरुवात असते. आठच्या आत फाटकाच्या आत, भाऊ आला तरी जिन्याखालीच बोलायचे, गच्चीवर कपडे कोणत्या दोरीवर वाळत घालायचे, आणि एका घरात तर घरमालकांनी माझ्या वडिलांना दर रविवारी फोन करून मी कधी आले-गेले ते कळवण्याची ‘सेवा’ आपणहून सुरू केली होती. ते स्वतःला अतिशय सज्जन समजत असत आणि कदाचित होतेही.

त्यामुळे मी हा चित्रपट पाहते तेव्हा मनात तो उलटा करून पाहते. दोन मुलींना घर हवे आहे, म्हणून त्यांच्या दोन मैत्रिणी मिशा लावून नवरे झाल्या, असा चित्रपट काढला तर प्रेक्षक त्याच ठिकाणी हसतील का? मला तसे वाटत नाही. पुरुष साडी नेसतो तेव्हा तो पायरी उतरल्यासारखा दिसतो आणि म्हणून हसू येते. बाई पुरुषाचा वेष घेते तेव्हा आपल्या कथांमध्ये ती पायरी चढते, ती शूर ठरते किंवा संशयास्पद ठरते, हास्यास्पद क्वचितच ठरते. म्हणजे हसण्याआधीच आपण मनात कोण वर आणि कोण खाली हे ठरवून टाकलेले असते. चित्रपटाने हे ठरवले, असा माझा आरोप नाही. त्याने ते तयार मिळाले म्हणून वापरले.

आता खऱ्या स्त्रियांविषयी. अश्विनी भावे यांची माधुरी ही माझी आवडती व्यक्तिरेखा आहे. ती दुकानाची मालकीण आहे आणि नायक तिच्याकडे नोकरीला आहे, ही गोष्ट 1988 सालीच काय, आजही मराठी चित्रपटात सहज दिसत नाही, आणि विशेष म्हणजे तिच्या मालकीण असण्याची शिक्षा म्हणून तिला चित्रपटभर ‘ताळ्यावर’ आणत बसलेले नाही. तिची लिंबू कलरची साडी लोकांच्या लक्षात राहिली, तिचा गल्ला मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही, हा दोष आपला. पण त्याच माधुरीला, आणि तिच्याबरोबर इतर सर्व नायिकांना, ज्यांच्यावर आपण प्रेम करतो ते पुरुष नेमके कोण आहेत हे शेवटपर्यंत धड कळू दिले जात नाही. सगळी माहिती पुरुषांजवळ असते आणि बायका अंदाज करत असतात. चौघांचा नाइलाज मला कळतो. तरीही खोटेपणा उघड झाल्यावर त्या मुलींना रागावायला पटकथेने जी थोडकी मिनिटे दिली आहेत, ती पाहून मला दरवेळी वाटते की, यांपैकी एकीने तरी निदान आठवडाभर अबोला धरायला हवा होता.

स्पष्टवक्ता (हिंगोली)

क्षमा असावी, पण 1988 सालच्या विनोदी चित्रपटाला 2020 नंतरच्या चष्म्यातून पाहणे हा त्या कलाकृतीवर अन्याय आहे. मुळात ही कथा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ या 1966 सालच्या हिंदी चित्रपटावरून घेतलेली आहे, म्हणजे विचार आणखी दोन दशके जुना. आमच्या घरात आजी, आई, बायको आणि मुलगी अशा चार पिढ्यांच्या स्त्रिया हा चित्रपट एकत्र बसून पाहतात आणि पोट धरून हसतात. त्यांना अपमान वाटत नसेल तर तो आपण का शोधावा?

खोली नंबर सात

दादा, अपमान शोधण्यासाठी हा धागा निघालेला नाही, आणि मीही पोट धरूनच हसते. फक्त एक विचारते: त्या चौघी एकाच जागी हसतात का, हे आपण कधी पाहिले आहे का?

धारूरचा (जि. बीड)

मी येथे बहुधा फक्त वाचतो. पण ‘जोडी असेल तरच’ या अटीवरून चर्चा चालली आहे म्हणून लिहितो, कारण आमच्या भागात ही अट घरासाठी नसून कामासाठी आहे आणि तिच्यावर कोणी चित्रपट काढून हसवलेले नाही.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती माणसावर देत नाही, ‘कोयत्या’वर देतो, आणि एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. तो ऊस तोडतो, ती पाला सोलून मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत भरते, आणि पहाटे उठून चूल पेटवण्याचे काम वेगळे, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. दोघांपैकी एकानेही काम बुडवले तर खाडा दोघांच्या हिशेबात पडतो. उचलीचे पैसे मात्र घेताना एकाच्याच हातात जातात, आणि ते हात कोणाचे असतात हे सांगायला नको.

आमच्या चुलत्याचे लग्न अशाच एका हंगामाच्या तोंडावर घाईघाईने लावले होते. मुलीकडचे म्हणाले, दिवाळी होऊ द्या. आमचे आजोबा म्हणाले, दिवाळीला टोळी निघाली तर पोरगं अर्धाच कोयता राहील. आमच्या भागात मुलींची लग्ने कोवळ्या वयात लागतात, त्यामागे जी कारणे आहेत त्यांत हे एक मोठे कारण आहे.

मला म्हणायचे आहे ते असे. लीलाबाईंना जोडपे का हवे असते? कारण घरात बायको असली की पुरुष नीट वागेल, असा भरवसा वाटतो. मुकादमाला जोडी का हवी असते? कारण संगती बायको असली की गडी उचल घेऊन पळणार नाही, असा त्यालाही भरवसा असतो. दोन्ही ठिकाणी बायको ही नवऱ्याची जामीन असते. जामिनाला स्वतःचे म्हणणे काय, असे कोणी विचारत नाही. जामीन फक्त हजर लागतो. म्हणूनच परशुरामाला पार्वती होणे इतके सोपे गेले असावे. तिने काय करायचे होते? उभे राहायचे होते, पदर सावरायचा होता आणि कागदावर मोजले जायचे होते. खऱ्या बाईकडूनही घरमालकाची याहून जास्त अपेक्षा नव्हती. चित्रपट काढणाऱ्यांच्या मनात हे होते की नव्हते, यावर मी वाद घालणार नाही. पण पुरुषाला साडी नेसून ती जागा भरून काढता येते, हे एकदा पडद्यावर दिसले की, ती जागा किती पोकळ होती हेही दिसतेच. मी तरी तिथेच हसतो.

निवृत्त मास्तर

धारूरच्या मित्रांचे आभार. ‘जामीन’ या शब्दाने माझे वरचे तीन प्रकार कोलमडले, हे मोकळेपणाने मान्य करतो. भारुडातल्या सुनेला एकटे राहायचे होते, आणि इथे एकटे राहता येत नाही म्हणून सून व्हावे लागते. हे मी आधी जोडून पाहायला हवे होते.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. ‘खोली नंबर सात’ यांनी विचारलेला प्रश्न मला इतका लागला की, मागच्या रविवारी आम्ही घरातल्या सगळ्या बायकांनी मिळून चित्रपट पुन्हा लावला आणि या वेळी मी पडद्याकडे कमी व घरच्यांकडे जास्त पाहिले.

आम्ही एकाच जागी हसत नाही. भाची आणि तिच्या मैत्रिणी आवाज चोरून बोलण्याला हसल्या. जाऊबाई साडीला हसल्या. आठव्या महिन्यात निऱ्या कशा सांभाळायच्या हे त्यांना सध्या वेगळे सांगायला नको. नणंद आणि मी संवादांना हसलो, म्हणजे खरे तर आम्ही आमच्या आठवणींना हसलो, कारण पुढचे वाक्य आम्ही पडद्याआधीच म्हणत होतो. माझ्या आजेसासूबाई मात्र पाऊण चित्रपट गप्प होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि नजर लीलाबाईंसारखीच अधू झाली आहे, त्यामुळे त्या चित्रपट बघत कमी आणि ऐकत जास्त होत्या. लीलाबाईंच्या मालमत्तेवर डोळा ठेवून असलेला त्यांच्या नात्यातलाच बळी पडद्यावर आला, तेव्हा त्या एकदम बोलल्या, “ह्याला वळखलं बरं मी.”

आम्ही विचारले, कोणाला? तर म्हणाल्या, “कामून विचारता? हरेक गावात अस्तोय.” मग त्यांनी सांगितले की, आजेसासरे गेले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते, सातबाऱ्यावर नाव लागायला चार वर्षे गेली, आणि त्या चार वर्षांत भाऊबंदांपैकी एकजण रोज संध्याकाळी ‘चौकशीला’ येऊन ओसरीवर बसत असे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पुढच्या दोन खोल्या एका शिक्षकाला भाड्याने दिल्या, आणि देताना अट घातली होती की बायको-लेकरे आणणार असाल तरच. “एकट्या बाईच्या घरात एकटा गडी ठिवला तर गाव मला बोललं असतं, गड्याला न्हाई. त्या लीलाबाईला भाड्याची काय पडली होती? तिला घरात बाईचा आवाज पायजे होता.”

मी इतक्या वेळा हा चित्रपट पाहिला, पण लीलाबाई म्हणजे ‘फसवली जाणारी म्हातारी’ यापलीकडे मी कधी गेले नव्हते. चर्चेत आपण सगळ्यांनी बायका झालेले पुरुष पाहिले, नायिका पाहिल्या, घरमालकाची अट पाहिली. ती अट घालणारी स्वतः एकटी बाई आहे, ही गोष्ट आपणा कोणाच्याही लिहिण्यात आली नाही. जामीन मागणाऱ्या बाईलाही जामिनाची गरज होती, असे धारूरच्या दादांच्या शब्दांत म्हणता येईल. नयनतारा यांनी ही भूमिका किती जपून केली आहे, त्यावर कोणी जाणकाराने लिहिले तर वाचायला आवडेल.

राहिला भाचीचा प्रश्न. तिला मी धारूरच्या दादांचे म्हणणे वाचून दाखवले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग आजेसासूबाईंना विचारले, “पणजी, मग तुमच्या त्या मास्तरांची बायको खरी होती का?” आजेसासूबाई दाताला मिश्री लावत होत्या. त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि उत्तर काही मिळाले नाही.